उजनीसाठी वेकबोर्डची बोट: तीन कोटेशनं एका मापात आणताना

तीन बोटबांधणीवाल्यांकडून दर मागवले होते. मागणी तिघांना एकच: १९ फुटी फायबरची बोट, ११५ एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लटकणारं) इंजिन, वेकबोर्ड (बोटीमागे दोर धरून पाण्यावर घसरायची फळी) ओढायला टॉवर म्हणजे दोर उंचावर बांधायची कमान, ट्रेलर आणि टेंभुर्णीपर्यंत पोच. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग कोटेशनात साडेचार लाखांचं अंतर होतं. तिन्ही कोटेशनं एका मापात आणल्यावर ते सत्तर हजारांवर आलं, आणि तेही वरचं कोटेशन घेण्याच्या बाजूने.

आधी एक मोठा पर्याय बाद केला, तो परदेशी वेकबोटीचा. मास्टरक्राफ्ट, नॉटीक, मालिबू यांच्या बोटींमध्ये इंजिन आत असतं, पंखा (प्रोपेलर) तळाखाली असतो आणि लाट मोठी करायला पाण्याच्या टाक्या बांधलेल्याच येतात. वेकबोर्डसाठी याहून चांगली बोट नाही. पण नव्या बोटीची किंमत तिकडेच बहुतेक एक लाख डॉलरच्या पुढे. बंदरात उतरलेल्या मालाची किंमत १०० रुपये धरा. सीमाशुल्क आणि उपकर मिळून साडेसत्तावीस टक्के लागले की झाले १२७.५०. त्यावर ४० टक्के जीएसटी (२२ सप्टेंबर २०२५ पासून मौजेच्या बोटींना हाच दर आहे) म्हणजे १७८.५०. शिवाय बंदराचा खर्च आणि रस्त्याची वाहतूक.

पैसे बाजूला ठेवले तरी उजनीचं पाणीच या बोटीला साथ देत नाही. धरण पूर्ण भरलं की पातळी ४९६.८३ मीटर, मृतसाठ्याची पातळी ४९१.०३. म्हणजे एकाच वर्षात पावणेसहा मीटरहून जास्त उतार, आणि कमी पावसाच्या सालात साठा उणे टक्क्यांत जातो. काठ सपाट असल्यामुळे पाणी एक मीटर उतरलं की किनारा कितीतरी आत सरकतो. इनबोर्ड बोटीचा पंखा आणि सुकाणू वर उचलता येत नाहीत, पाऊण मीटर खोली तर हवीच. आउटबोर्ड गुडघाभर पाण्यात तिरकं करून काठाला लावता येतं. आमच्यासाठी निर्णय इथेच झाला. फक्त एक गोष्ट कायमची सोडावी लागली: वेकसर्फिंग. त्यात माणूस दोर सोडून बोटीच्या लाटेवरच घसरतो, म्हणजे बोटीच्या मागे दोन-तीन मीटरवर असतो, आणि आउटबोर्डचा पंखा मागेच उघडा फिरत असतो. आउटबोर्डमागे वेकसर्फ करायचंच नाही.

मग कोटेशनांचा ताळमेळ. एका मोठ्या कागदावर डावीकडे वस्तू लिहिल्या आणि तिन्ही कोटेशनांतला आकडा समोर टाकत गेलो. जिथे कोटेशन गप्प होतं तिथे फोन करून लेखी भाव घेतला. स्वस्त कोटेशनात पंखाच नव्हता. ही फसवणूक म्हणता येत नाही, मोठी आउटबोर्ड इंजिनं बऱ्याचदा पंख्याशिवायच विकली जातात, पण विचारलं नाही तर कळतही नाही. त्याच कोटेशनात स्टिअरिंग केबलचं होतं, बाकी दोघांचं हायड्रॉलिक. ११५ एचपीला आणि मागे माणूस ओढताना पंख्याचा पीळ चाकावर येतो. केबलवर तासभरात हात भरून येतात, वर्षभरात केबल जड होते. ट्रेलरला ब्रेक नव्हते. बॅटरी, इंधन गाळणी, बिल्ज पंप (तळाशी साचलेलं पाणी उपसणारा) यांच्यापुढे ‘आवश्यकतेनुसार’ एवढंच लिहिलेलं. असा शब्द दिसला की त्याची किंमत आपल्याच खिशातून जाणार हे धरून चालावं.

एका विक्रेत्याने आणखी एक वाट सुचवली. बिल मासेमारी बोटीचं करतो, जीएसटी पाच टक्के लागेल. वाचणारी रक्कम मोठी दिसते. पण नोंदणीत बोट मासेमारीची आणि पाण्यावर पर्यटक, अशात अपघात झाला तर विमा कंपनी दावा फेटाळणार. त्या विक्रेत्याशी पुढचं बोलणं आम्ही तिथेच थांबवलं आणि त्याच्या जागी दुसऱ्याकडून कोटेशन मागवलं.

सांगाड्याची तुलना फोटोवरून होत नाही. प्रत्येकाकडून थरांचा तपशील मागावा: तळाला ४५० ग्रॅमच्या मॅटचे (काचतंतूंच्या चटईचे) किती थर, ६०० ग्रॅमच्या वोव्हन रोव्हिंगचे (विणलेल्या काचकापडाचे) किती, रेझिन साधं की आयसोफ्थॅलिक (पाण्याला जास्त टिकणारं). बोट सतत पाण्यात राहणार असेल तर तळाला आयसोफ्थॅलिकच हवं, नाहीतर काही वर्षांत जेलकोटखाली (बाहेरच्या रंगीत थराखाली) पाण्याचे फोड धरतात. इंजिन ज्या मागच्या भिंतीवर लटकतं त्या ट्रान्समच्या आत आयएस ७१० मरीन प्लाय आहे का, आणि बोल्टची भोकं रेझिनने बंद केली आहेत का, हे पाहिलं. दहाच्या नाण्याने पूर्ण ट्रान्सम ठोकला. भरीव जागी टणक, कोरडा आवाज येतो. एका बोटीत उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेत पोकळ, बसका आवाज आला. तिथे थर प्लायला चिकटलाच नव्हता. बाहेरून जेलकोट आरशासारखा चकचकीत होता.

वजनाचं तर आपल्याकडे सोपं आहे, उसाच्या पट्ट्यात वजनकाट्यांना तोटा नाही. ट्रेलरसकट बोट काट्यावर घातली, मग रिकामा ट्रेलर. कागदावर सांगाडा ६५० किलो, काट्यावर ७८०. हे १३० किलो म्हणजे दोन माणसं, ती क्षमतेतून वजा झाली. लाटेसाठी मागे ३०० लिटर पाण्याच्या पिशव्या भरल्या तर ते ३०० किलोही क्षमतेतच धरायचे. माणसं, पिशव्या, पेट्रोल आणि सामान मिळून बोटीच्या क्षमतेच्या पाटीवरच्या आकड्याच्या आत राहायला हवं.

इंजिनात एचपीपेक्षा पंख्यावर जास्त वेळ घालवावा, असं माझं ठाम मत आहे. पंख्याचा पिच म्हणजे एका फेऱ्यात तो पाण्यात सैद्धांतिक किती इंच पुढे जाईल ते अंतर. किनाऱ्यावरचे विक्रेते समुद्रसपाटीचा, हलक्या बोटीचा पंखा लावून देतात. उजनी समुद्रसपाटीपासून जवळपास ५०० मीटरवर आहे, हवा विरळ असल्याने ताकद पाचएक टक्के इथेच कमी होते, उन्हाळ्यात आणखी थोडी. आमच्या बोटीला १९ पिचचा पंखा आला होता. चार माणसं आणि ३०० लिटर पाणी घेऊन पूर्ण थ्रॉटल दिला तर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ५,१०० वर अडकला. इंजिनाची कंपनीने दिलेली मर्यादा ५,००० ते ६,०००. भरल्या बोटीत आरपीएम या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात यायला हवा, नाहीतर चढावर चौथ्या गिअरमध्ये ट्रक ओढल्यासारखं इंजिन दबून चालतं. पिच एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतो. १६ चा पंखा लावल्यावर ५,६५० मिळाला. उभ्यावरून वेग धरून पाण्यावर उचलली जायला बोट आधी नऊ सेकंद घेत होती, आता पाच. कमाल वेग थोडा घटला, पण वेकबोर्डला तो लागतच नाही. शिकणाऱ्याला २६ ते २९ किलोमीटर, सरावलेल्याला ३० ते ३६ पुरे. ३४ च्या वेगाला इंजिन ३,६०० च्या आसपास फिरतं आणि ताशी पंधरा ते अठरा लिटर पेट्रोल पितं. पूर्ण थ्रॉटलला हाच आकडा ३५ च्या पुढे जातो.

पंखा ॲल्युमिनियमचाच घेतला, आणि दोन घेतले. स्टेनलेसचा पंखा टिकाऊ खरा, पण आदळला की धक्का गिअरपर्यंत जातो. उजनीत पाणी उतरलं की बाभळीचे बुंधे, बुडालेल्या विहिरींचे कठडे वर येतात. त्यातच काठचे शेतकरी पाण्यामागे आपल्या मोटारी, पाइप आणि केबल आत ढकलत नेतात. कालची मोकळी वाट आज मोकळी असेलच असं नाही. नवीन भागात जायच्या आधी तिथल्या मासेमारांना विचारावं, त्यांना प्रत्येक विहीर तोंडपाठ असते. जाळ्याचा नायलॉन धागा पंख्यामागे गुंडाळला गेला की सील कापतो आणि गिअर ऑइलमध्ये पाणी शिरतं, ते दुधासारखं पांढुरकं होतं. म्हणून दर आठवड्याला पंखा काढून पाहायचा.

कोटेशनात कोणी लिहीत नाही अशी एक छोटी वस्तू म्हणजे ॲनोड, इंजिनाऐवजी स्वतः गंजणारा धातूचा तुकडा. कोकणातून येणाऱ्या बोटीला जस्ताचा असतो. गोड्या पाण्यात जस्तावर थर धरतो आणि तो काम करेनासा होतो. इथे मॅग्नेशियमचा हवा. पेट्रोलचंही तसंच: पंपावर आता ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) मिळतं, आणि बऱ्याच आउटबोर्डांच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा दहा टक्के असते. आपल्या मॉडेलला ई२० चालतं का, हे लेखी घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. दहा मायक्रॉनची पाणी वेगळं करणारी गाळणी लावावी आणि पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवावी.

टॉवर बोटीच्या कडेला नुसत्या स्क्रूने बसवलेला चालत नाही, खालून धातूची पट्टी लावून बोल्ट हवेत. दोर न ताणणारा, २० मीटरचा, शिकणाऱ्याला १६ पुरतो. रबरी ट्यूब मात्र टॉवरला बांधू नये, तिचा ओढा फार असतो, ती मागच्या हुकालाच.

ट्रेलरची वेगळी आरटीओ नोंदणी लागते आणि रुंदी २.६ मीटरच्या आत हवी. बोटीची तपासणी आणि नोंदणी अंतर्देशीय जहाज अधिनियम, २०२१ खाली, महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. जलाशयात उतरायला जलसंपदा विभागाची परवानगी. या तिन्हींचा खर्च आणि वेळ कोटेशनाच्या कागदावरच मांडला.

सुरक्षेच्या सामानात भाव करू नये. २१ मे २०२४ ला कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. उन्हाळ्यात दुपारनंतर इथे वारं कसं अचानक उठतं ते काठच्या कुणालाही विचारा. आम्ही डेकखाली बंद पेशींचा फोम भरून घेतला, अर्धा घनमीटर फोम साधारण ४७५ किलो उचलून धरतो. प्रत्येक माणसाला अंगात बसणारं जॅकेट, मुलांची मापं वेगळी. फेऱ्या सकाळी अकराच्या आत.

करारात शेवटची अट आम्ही स्वतः लिहिली: दहा टक्के रक्कम उजनीवर, भरल्या बोटीत, पूर्ण थ्रॉटलला आरपीएम ५,५०० च्या वर दाखवल्यावर. दोघांनी नकार दिला. तिसऱ्याने मान्य केलं आणि चाचणीच्या दिवशी १९ चा पंखा कमी पडल्यावर गाडीतून १६ चा काढून लावला, त्याचे पैसे मागितले नाहीत.