सिस्टिमडी असलेलं घ्यावं की नसलेलं?

तुम्ही विचारलंत म्हणून. सिस्टिमडी म्हणजे लिनक्स सुरू होताना पहिला चालणारा आणि बाकीच्या सर्व्हिस (मागे चालणारे प्रोग्रॅम) सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम. सिस्टिमडी नसलेलं लिनक्स घ्यावं का, असं बहुतेक वेळा पहिलंच डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच) निवडणारे विचारतात, आणि या प्रश्नाची गरज त्यांनाच सगळ्यात कमी. लागणारी पॅकेजेस रेपोत (डिस्ट्रोच्या अधिकृत साठ्यात) आहेत का, सिक्युरिटी अपडेट किती वर्षं येणार, हे आधी बघा. डेबियन हे डिस्ट्रो घेतलंत तर एलटीएस (वाढीव सपोर्टची मुदत) धरून साधारण ५ वर्षं निवांत.

वाद मात्र खोटा नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीत मतं समसमान पडली, अध्यक्षांच्या निर्णायक मतावर सिस्टिमडी आलं. नाराजांनी वेगळी चूल मांडली, ती डेव्हुआन, म्हणजे सिस्टिमडी नसलेलं डेबियन.

सिस्टिमडीच्या आधी सर्व्हिस सुरू-बंद करायच्या त्या जुन्या इनिट स्क्रिप्टचा भरवसा पीआयडी फाइलवर, म्हणजे प्रोसेसचा नंबर लिहून ठेवलेल्या फाइलवर. सर्व्हर पडला, फाइल तशीच राहिली, तो नंबर भलत्याच प्रोसेसला मिळाला, की 'स्टॉप' म्हटल्यावर मरते ती भलतीच. सिस्टिमडी प्रत्येक सर्व्हिस तिच्या पिल्लांसकट एका सीग्रुपमध्ये (कर्नल सांभाळतो अशा प्रोसेसच्या गटात) कोंडते, म्हणून निसटायला वाव नाही. माझ्या मते याच एका कामासाठी ती जिंकायला हवी होती. लॉग, लॉगिन, डीएनएस असं सगळंच तिने पदराखाली घेतलं, हा आक्षेप त्यानंतरही उरतोच.

त्रास कुठे होतो? मशीन बंद करताना दीड मिनिट अडकतं. एखादी सर्व्हिस टर्म सिग्नल ('बंद हो' हा इशारा) ऐकत नाही आणि डीफॉल्ट मुदत ९० सेकंदांची आहे. ती सरसकट १० वर आणू नका. डेटाबेस लिहीत असतानाच किल (जबरदस्तीने बंद) व्हायचा. अडलेल्या सर्व्हिसचं नाव स्क्रीनवर येतं, फक्त तिचीच मुदत बदला. दुसरं, लॉग बायनरी आहे. बूट न होणाऱ्या मशीनचा लॉग वाचायचा तर रेस्क्यू यूएसबीवर जर्नलसीटीएल (सिस्टिमडीचा लॉग वाचणारी कमांड) हवं, आणि सिस्टिमडी नसलेल्या अल्पाइन या छोट्या डिस्ट्रोच्या यूएसबीवर ते नसतं.

सिस्टिमडी नसलेल्या व्हॉइड या डिस्ट्रोत तिच्या जागी असतं ते रनिट खरंच सुटसुटीत. एसव्ही फोल्डरमध्ये सर्व्हिसच्या नावाची डिरेक्टरी, आत 'रन' नावाची तीन ओळींची स्क्रिप्ट, तिला एक्झिक्यूट परवानगी, मग व्हार-सर्व्हिस फोल्डरमध्ये त्या डिरेक्टरीची सिमलिंक (तिच्याकडे नेणारा दुवा). पाचेक सेकंदांत सुरू. पण एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर नेहमीसारखा बॅकग्राउंडला गेला की रनिटला वाटतं तो संपला. ते पुन्हा सुरू करतं, पोर्ट आधीच अडकलेला, आणि लॉगमध्ये तीच तक्रार धो धो. एन्जिनएक्सला 'डीमन ऑफ' (बॅकग्राउंडला जाऊ नको) द्या, आणि 'रन' स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीच्या सुरुवातीला 'एक्झेक' (शेलच्या जागी हाच प्रोग्रॅम चालव) विसरू नका. नाहीतर स्टॉपचा सिग्नल शेलला लागतो आणि एन्जिनएक्स मागे मोकाट.

ग्नोम हा डेस्कटॉप हवा असेल तर मुकाट्याने सिस्टिमडी घ्या.

आणि अल्पाइनवर बाहेरून आणलेला प्रोग्रॅम समोर असूनही 'नॉट फाउंड' म्हणतो, तेव्हा ओपनआरसीला (अल्पाइनमध्ये सिस्टिमडीच्या जागी असतं ते) शिव्या घालू नका. तो प्रोग्रॅम ग्लिबसीसाठी बांधलेला, अल्पाइनवर मस्ल; दोन्ही सी भाषेच्या मूळ लायब्ररी, पण वेगवेगळ्या. प्रोग्रॅमला हवा असलेला लोडरच (त्याला सुरू करून देणारी फाइल) तिथे नाही. व्हॉइडच्या ग्लिबसी आणि मस्ल अशा दोन्ही आवृत्त्या मिळतात. ग्लिबसीवाली उतरवा.