लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया आणि स्वादुपिंडाची शिल्लक

नात्यातल्या एका गृहस्थांना डॉक्टरांनी वजन उतरवण्यासाठी जठराच्या बायपासचा (हृदयाच्या नव्हे) सल्ला दिला, तेव्हा घरात सर्वांचा एकच प्रश्न होता: शस्त्रक्रियेनंतर स्वादुपिंड पुन्हा इन्सुलिन तयार करू लागेल का? त्यांना टाइप २ मधुमेह आहे, गोळ्यांच्या जोडीला इंजेक्शनही सुरू झाले आहे. प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी बरेच वाचले आणि डॉक्टरांशी बोलले. 'शुगर कायमची जाते' असे सांगणाऱ्या जाहिरातींपेक्षा हे उत्तर अधिक गुंतागुंतीचे आहे, आणि शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ते आधीच ठाऊक असले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनामधले शल्यविशारद वॉल्टर पोरीझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली ६०८ बायपास रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यांपैकी टाइप २ मधुमेह असलेल्या १४६ जणांमधील १२१ जणांची साखर शस्त्रक्रियेनंतर सामान्य पातळीवर आली आणि तशीच राहिली. साखर उतरू लागली ती शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच, म्हणजे वजनात फारसा फरक पडण्याच्या आधी. केवळ चरबी घटल्याने एवढा बदल झाला असे म्हणावे, तर चरबी अजून घटलेलीच नव्हती.

या पहिल्या दिवसांत दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. रुग्ण अगदी थोडे खातो, त्यामुळे यकृतातील चरबी झपाट्याने कमी होते, यकृत इन्सुलिनला पुन्हा दाद देऊ लागते आणि उपाशीपोटीची साखर उतरते. दुसरी गोष्ट आतड्यात घडते. बायपासमध्ये अन्न जठराचा मोठा भाग आणि लहान आतड्याची सुरुवात वगळून थेट पुढच्या आतड्यात पोहोचते, आणि तिथल्या पेशी जेवणानंतर जीएलपी-१ हे संप्रेरक पूर्वीच्या कितीतरी पट सोडतात. जीएलपी-१ स्वादुपिंडातील बीटा पेशींना इन्सुलिन सोडण्यास प्रवृत्त करते. टाइप २ मधुमेहात जेवणानंतर लगेच यायला हवी असलेली इन्सुलिनची पहिली लाट मंदावलेली असते. बायपासनंतर जेवणापाठोपाठ इन्सुलिन पुन्हा लवकर आणि जोमाने येऊ लागते.

याचा अतिशय बोलका पुरावा डेन्मार्कमधील एका रुग्णाकडून मिळाला. बायपासनंतर काही गुंतागुंत झाल्याने त्याच्या जठराच्या वगळलेल्या भागात नळी बसवावी लागली होती, त्यामुळे तेच अन्न एकदा तोंडावाटे नव्या मार्गाने आणि एकदा नळीवाटे जुन्या मार्गाने देऊन पाहता आले. नळीवाटे दिले तेव्हा साखर मधुमेहाच्या पातळीवर गेली. तोंडावाटे दिले तेव्हा जीएलपी-१ आणि इन्सुलिन दोन्ही भरपूर वाढले आणि साखर सामान्य राहिली. माणूस तोच, स्वादुपिंड तेच, बदलला होता फक्त अन्नाचा मार्ग. पुढे डेन्मार्कमध्येच मधुमेही रुग्णांत जीएलपी-१चे काम औषधाने तात्पुरते रोखल्यावर, बायपासमुळे बीटा पेशींच्या प्रतिसादात झालेली सुधारणा नाहीशी झाली.

तरीही सर्व श्रेय आतड्याला देणे मला पटत नाही. अमेरिकेतील सेंट लुईस येथील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या छोट्या अभ्यासात, बायपासने आणि केवळ आहाराने सारखेच, म्हणजे सुमारे १८ टक्के वजन उतरवलेल्या मधुमेही रुग्णांची तुलना केली. इन्सुलिनला शरीराने दिलेली साथ आणि बीटा पेशींचे काम दोन्ही गटांत जवळपास सारखेच सुधारले होते. पहिल्या आठवड्यातला चमत्कार आतड्याचा आणि कमी खाण्याचा असला, तरी पुढच्या वर्षांतला मोठा वाटा घटलेल्या वजनाचाच दिसतो. आहाराने एवढे वजन उतरवून ते टिकवणे बहुतेकांना जमत नाही, ही गोष्ट वेगळी. शिवाय वजन उतरले की इन्सुलिनची एकूण गरजच घटते, म्हणून उपाशीपोटीचे इन्सुलिन कमी होते. 'शस्त्रक्रियेने इन्सुलिन वाढते' हे वाक्य त्यामुळे अर्धेच खरे आहे: जेवणानंतर ते वेळेवर येते, एरवी थोडक्यात भागते.

शस्त्रक्रियेने बीटा पेशींची नवी भरती होते असे मात्र समजू नये. उरलेल्या पेशींवरचा ताण हलका होतो आणि त्यांना योग्य वेळी इशारा मिळतो. पण पेशीच फारशा उरल्या नसतील, तर इशारा ऐकणार कोण? म्हणूनच मधुमेह किती वर्षांचा आहे आणि इन्सुलिन घ्यावे लागते का, याला फार महत्त्व आहे. स्वीडनमधील दीर्घकालीन अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर २ वर्षांनी सुमारे ७२ टक्के रुग्णांचा मधुमेह माघारी गेलेला होता, १५ वर्षांनी हे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवर आले. मधुमेह जुना असलेल्यांना यश कमी मिळाले. डोळे आणि मूत्रपिंडांच्या गुंतागुंती मात्र शस्त्रक्रिया न झालेल्यांपेक्षा कमी राहिल्या, आणि माझ्या मते हा लाभ लहान नाही.

आमच्या गृहस्थांना डॉक्टरांनी सी-पेप्टाइडची रक्ततपासणी सांगितली. स्वादुपिंड स्वतः किती इन्सुलिन बनवते हे त्यावरून कळते. बाहेरून टोचलेले इन्सुलिन त्यात मोजले जात नाही. टाइप १ मध्ये हा आकडा अत्यल्प असतो, तिथे शस्त्रक्रियेने डोस कमी होऊ शकतो, पण इन्सुलिन बंद करणे जीवघेणे ठरते. टाइप २ मध्येही इन्सुलिन आणि काही गोळ्यांचे डोस शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवसांपासून डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे लागतात, नाहीतर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. बायपासनंतर काही रुग्णांत वर्ष-दीड वर्षाने आणखी एक त्रास सुरू होतो: गोड खाल्ल्यावर इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त येते, साखर फार उतरते आणि एक ते तीन तासांत घाम, थरथर, भोवळ येते. असे झाल्यास औषधांच्या आधी आहार तपासतात, आणि साखर व मैदा कमी करून प्रथिनांसह थोडे-थोडे खायला सांगतात.