क्लेसाठी ल्युब कोणतं: बॉनेटवरची तुलना आणि माझी निवड

गाडी धुऊन झाली. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने काढले, आयर्न रिमूव्हर (रंगावरचे लोखंडी कण विरघळवणारं द्रावण) मारून जांभळे ओघळ थांबेपर्यंत पाण्याचा मारा केला. तरी पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बॉनेटवरून बोटं फिरवली की खरखर लागतेच. म्हणजे क्ले करणं, मातीसारख्या मऊ तुकड्याने रंगावर चिकटलेले कण ओढून काढणं, आलंच. हा टप्पा मी मुद्दाम सावकाश घेतोय, कारण रंग काळा आहे आणि काळ्यावर क्लेच्या रेघा लपत नाहीत. पुढे पॉलिश आणि मग सिरॅमिक कोटिंग (रंगावरचा टिकाऊ संरक्षक थर) करायचं आहे, त्यामुळे त्याआधी ल्युबचा, म्हणजे क्ले घसरावी म्हणून मारायच्या निसरड्या द्रावणाचा, प्रश्न एकदा नीट सोडवायचा होता.

क्ले दिसायला मऊ असली तरी तिच्यात बारीक घासणारे कण असतात. तादाओ कोदाते या जपानी संशोधकाने १९९०च्या दशकात तिची पेटंटं घेतली, आणि तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे: रंगाच्या वर डोकं काढून बसलेला कण कापायचा, ओढायचा आणि क्लेत रुतवायचा. हे होत असताना क्ले आणि क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) यांच्यामध्ये पाण्याचा सलग थर टिकायला हवा. तो कुठेही तुटला की क्ले पॅनलला धरते आणि रुतलेला कण रंगावरून फरफटत जातो. नुसतं पाणी इथेच कमी पडतं. जुनं वॅक्स शिल्लक असलेल्या पॅनलवर त्याचे मणी होतात आणि मण्यांमधली जागा कोरडी राहते. पाणी पसरवायला सर्फॅक्टंट (साबणासारखा घटक) लागतो आणि निसरडेपणा टिकवायला सहसा एखादा पॉलिमर. नुसत्या पाण्यावर चालणाऱ्या क्लेही मिळतात, पण काळ्या गाडीवर मी तो धोका पत्करणार नाही.

तुलनेसाठी बॉनेटवर मास्किंग टेपने भाग पाडले. क्ले एकच, फाइन ग्रेडची, पण प्रत्येक भागाला नवा तुकडा. गाडी सावलीत, पॅनल हाताला गार लागेल असं. हात सरळ रेषेत, गोल गोल अजिबात नाही.

आधी कार शाम्पूचं पाणी. बादलीभर होतं, हात सैल सोडून वापरता येतं, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण फेस म्हणजे निसरडेपणा नव्हे. फेसात बहुतेक हवाच असते, क्ले पुढे सरकली की तो बाजूला ढकलला जातो आणि खाली जे पाणी उरतं तेच काम करतं. म्हणून कमी फेसाचा, न्यूट्रल पीएचचा, वॅक्स किंवा ग्लॉस न घातलेला शाम्पू घ्यावा. दुसरी अडचण जास्त त्रासाची: काही शाम्पूंमध्ये क्ले विरघळायला लागते. यासाठी मी एक साधी चाचणी करतो. वाटाण्याएवढा तुकडा शाम्पूच्या पाण्यात रात्रभर ठेवायचा. सकाळी कडा बुळबुळीत झाल्या असतील, बोटाला करडी साय लागत असेल, तर तो शाम्पू क्लेसाठी बाद. अशी क्ले पॅनलवर चिकट पट्टे सोडते आणि ते काढताना पुन्हा घासावं लागतं.

भांडी घासायचं लिक्विड वापरावं का, हा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर नाही. ते तेलकटपणा तोडायला बनवलेलं असतं, क्लेला लागणारा निसरडेपणा टिकवायला नव्हे.

क्विक डिटेलरवर (धुतलेल्या गाडीला झटपट चमक देणारा फवारा) क्ले सुरेख घसरते. मारल्यावर लगेच चमकही येते आणि इथेच फसायला होतं. ज्यात सिलिकॉन किंवा वॅक्स असतं, ते उमटलेल्या बारीक रेघा भरून टाकतं. माझ्या बॉनेटवर हाच भाग पहिल्यांदा सगळ्यांत स्वच्छ दिसत होता. पॅनल वाइपने (वॅक्स, तेलकटपणा उतरवणारं द्रावण) पुसून टॉर्च तिरका धरला, तेव्हा रेघांचं धुरकट जाळं दिसलं. शिवाय डिटेलर लवकर उडून जातो, म्हणजे फवारा सारखा मारत राहावा लागतो. अल्कोहोल किंवा सॉल्व्हंट असलेला डिटेलर तर क्लेलाच खराब करतो. तरीही त्याची जागा आहे. क्लेनंतर पॉलिश न करता थेट वॅक्स लावणार असाल, तर त्याचा मागे राहणारा थर काही बिघडवत नाही. कोटिंग करणार असाल तर मात्र तो थर पूर्ण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मग रिन्सलेस वॉश, म्हणजे नंतर पाण्याने खळाळावं न लागणारं धुण्याचं द्रावण. माझ्याकडे ऑप्टिमम नो रिन्स आहे. धुण्यासाठी ते १:२५६ मिसळतात, क्लेसाठी चौपट घट्ट, १:६४. म्हणजे एका लिटरला साधारण १५ मिली. फवारा मारल्यावर पाणी मण्यांत न फुटता पसरून बसतं. क्ले ठेवून बोटांच्या फक्त वजनाने सरकवली, तेव्हा पहिल्या फेऱ्यांत बारीक खरखर ऐकू आली, बोटांना कण टोचल्यासारखे जाणवले. मग आवाज विरत गेला आणि तुकडा सलग वाहायला लागला. ल्युब चांगलं असलं की हा आवाजच काम कुठवर आलंय ते सांगतो. ल्युब कमी पडतं तेव्हा आवाज वेगळा असतो, अडखळत येणारा, आणि क्ले धक्क्याने पुढे जाते. तसं झालं की हात उचलायचा आणि पुन्हा फवारा मारायचा. द्रावण मी डिस्टिल्ड पाण्यात करतो. जड पाणी वाळलं की डाग सोडतं, काळ्यावर ते लगेच डोळ्यांत भरतात.

खास क्लेसाठी विकलं जाणारं ल्युब निसरडेपणात कुठेच कमी नव्हतं, उभ्या पॅनलवर ते थोडं जास्त धरूनही राहतं. पण क्ले करताना बाटली भराभर संपते, आणि ल्युब हात राखून वापरणं हीच क्लेच्या कामातली सगळ्यांत वाईट काटकसर. पॅनल वाइपनंतर टॉर्चखाली रिन्सलेसचा आणि या ल्युबचा भाग मला सारखाच दिसला. शाम्पूच्या भागात रेघा किंचित जास्त होत्या, पण पॉलिशच्या एका हलक्या हाताने जातील इतक्याच.

इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. हाताचा दाब वाढला की कुठलंही ल्युब वाचवत नाही. तुकडा कणकेसारखा दुमडून सतत नवी बाजू वर आणायची, आणि खाली पडला की सरळ फेकून द्यायचा. कितीही धुतला तरी त्यातली वाळू निघत नाही.

तर बॉनेट, छप्पर आणि डिक्की रिन्सलेसवर करायचं ठरलं आहे. दारांच्या वरच्या भागात खास ल्युब. दारांच्या खालच्या पट्ट्यांवर आणि मागच्या बंपरवर घाण जास्त आहे, तिथे क्ले मिट (क्लेचं काम करणारा रबरी थराचा हातमोजा) आणि शाम्पूची बादली. मिटचा रबरी थर शाम्पूत विरघळत नाही, आणि मिट खाली पडला तर नीट धुऊन पुन्हा वापरता येतो. मिट नवा आहे, म्हणून तो आधी काचांवर फिरवून घेणार, मग रंगावर.