मालाचे पैसे कुणी दिले?

गाईडचं काम बोलण्याचं, असं लोकांना वाटतं. निम्म्याहून जास्त काम मोजण्याचं असतं. बसमध्ये डोकी किती चढली, पुढचं स्वच्छतागृह किती मिनिटांवर, ड्रायव्हरचे कायद्याने ठरलेले तास किती उरले. भारतातून आलेल्या मंडळींना मी लंडनमध्ये चौदा वर्षं फिरवते आहे. शेवटचा माणूस येऊन उभा राहीपर्यंत तोंड उघडायचं नाही, हा नियम मी कधी मोडलेला नाही. मागे राहणारा बहुतेक वेळा वयस्कर असतो, गुडघे दुखत असतात, आणि ऐकायची ओढ त्यालाच सगळ्यांत जास्त असते.

गेल्या जूनमधले ते काका असेच मागे राहिलेले. मुंबईची चौतीस जणांची तुकडी होती. रोझबेरी अ‍ॅव्हेन्यूवर फिन्सबरी टाउन हॉलपाशी आम्ही उतरलो. तिथे दादाभाई नौरोजींच्या नावाची पाटी आहे, जवळच त्यांच्या नावाचा रस्ताही आहे. बस उभी करता येत नाही; माणसं उतरवून ड्रायव्हर चक्कर मारून येतो, तेवढ्यात मला सगळं सांगायचं असतं. ती सहा मिनिटं मी वर्षानुवर्षं घासून घडवली आहेत. 1886 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटसाठी होलबर्नमधून उभे राहिले आणि पडले. 1888 मध्ये खुद्द पंतप्रधान सॅलिसबरी एडिंबरोच्या सभेत बोलले, की एखाद्या काळ्या माणसाला इंग्रज मतदार निवडून देतील अशी वेळ अजून आलेली दिसत नाही. 1892 च्या जुलैत फिन्सबरी सेंट्रलने दादाभाईंना मतं दिली 2,961 आणि समोरच्या पेंटनना 2,956. पाच मतं! नौरोजी हे नाव उच्चारता न येणाऱ्यांनी त्यांना ‘नॅरो मेजॉरिटी’, म्हणजे निसटतं बहुमत, करून टाकलं. खासदारकीची शपथ त्यांनी खोर्देह अवेस्तावर, पारशांच्या प्रार्थनाग्रंथावर घेतली. इथे टाळ्या येतात, तशा आल्या.

काकांनी वाजवल्या नाहीत. बसमध्ये चढताना मला म्हणाले, “ताई, पाच मतं कळली. पण हा माणूस पोटासाठी काय करत होता?”

“व्यापार, काका. कापसाचा.”

“मग ते सांगा ना. मी चाळीस वर्षं कॉटन ग्रीनला पेढीवर हिशेब लिहिलाय.”

पुढचा टप्पा होता अ‍ॅनर्ली पार्क, दक्षिण लंडनमधलं दादाभाईंचं घर. हा टप्पा मिळवायला मला दर वेळी भांडावं लागतं. ‘तिथे खरेदीला काही नाही,’ असं एका सहल कंपनीने मला लेखी कळवलं होतं. माझ्या धंद्यातले बरेच जणही टाउन हॉलच्या पाटीवर दादाभाईंना उरकतात. तो आळस आहे, दुसरं काही नाही.

नदी ओलांडेपर्यंत तासभर गेला. काका माझ्या शेजारी येऊन बसले होते. मी सांगत गेले: एल्फिन्स्टन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडून दादाभाई 1855 मध्ये कामा कंपनीचे भागीदार म्हणून इकडे आले. अफू आणि दारूच्या व्यापारातला नफा त्यांना नको होता, म्हणून तिथून बाहेर पडले. 1859 मध्ये स्वतःची पेढी काढली. त्याच काळात युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये गुजरातीही शिकवत होते.

काकांनी खिशातून गोळ्यांची बाटली काढली आणि तिच्या तोंडाशी कोंबलेला कापूस उपसला. दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीत धरून अलगद ओढला, सुटलेले तंतू पुन्हा एकमेकांवर ठेवले, पुन्हा ओढला. चार-पाच वेळा. शेवटी बोटांत केसांच्या बटेसारखी एक सरळ झिरमिळी उरली. ती त्यांनी काळ्या पँटवर ठेवली. “हा धागा. याची लांबी बघून भाव. आपला हिंगणघाटचा, उमरावतीचा आखूड. अमेरिकेचा लांब. गिरणीवाल्याला लांबच हवा.”

लँकेशायरच्या गिरण्यांनी आपला आखूड कापूस नाइलाजाने घेतला तो 1861 नंतर, अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यावर. मुंबईत पैशाचा पूर आला. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला, आणि त्या मंदीत दादाभाईंची पेढीही अडचणीत आली. हे ऐकून काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बुडताना माणूस वही तीनदा तपासतो. कुठे गळती आहे ते तेव्हाच दिसतं.”

मी त्यांना गळतीचा सिद्धांत सांगू लागले. 1876 मध्ये दादाभाईंनी मांडलेला हिशेब असा, की हिंदुस्थानातल्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न सरासरी 20 रुपये, आणि तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च त्याहून जास्त. शिवाय देशातून जेवढा माल बाहेर जातो तेवढ्याचा मोबदला परत येत नाही. हे मी शंभरदा सांगितलं आहे. काकांनी हात वर केला.

“थांबा. कापूस इथे आला. इथल्या व्यापाऱ्याने पैसे तर दिलेच असतील? मग शेतकऱ्याला कुणी दिले?”

मी सांगितलं: लंडनचा व्यापारी इथल्या भारतमंत्र्याकडून पौंड मोजून कौन्सिल बिल, म्हणजे एक सरकारी हुंडी, विकत घ्यायचा. ते बिल मुंबईला जायचं आणि तिथल्या सरकारी तिजोरीतून रुपयांत वटायचं. त्या रुपयांनी कापूस खरेदी व्हायचा. पौंड लंडनमध्येच राहायचे, भारतमंत्र्याच्या कचेरीच्या म्हणजे इंडिया ऑफिसच्या खर्चाला, पेन्शनींना, कर्जाच्या व्याजाला.

काकांनी सहलीच्या वेळापत्रकाच्या कोऱ्या बाजूवर उभी रेघ मारली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. पेन मध्येच थांबलं. “म्हणजे हुंडी इथे विकली आणि वटवली शेतकऱ्याच्या शेतसाऱ्यातून? त्याच्या कापसाचे पैसे त्यानेच दिले?”

मी हो म्हणाले. चौदा वर्षं मी ‘गळती’ हा शब्द वापरत होते. ती एका माणसाच्या वहीत नेमकी कुठल्या ओळीत पडते हे मला त्या क्षणी दिसलं. पार्लमेंट, हिंदुस्थान सरकारचा खर्च तपासणारं वेल्बी कमिशन, ‘पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया’ हा 1901 चा जाडजूड ग्रंथ, तीन वेळा काँग्रेसचं अध्यक्षपद, हे सगळं मी पुढाऱ्याचं चरित्र म्हणून सांगायचे. त्याच्या मुळाशी आयात-निर्यातीची वही वाचता येणारा व्यापारी होता, आणि त्याला मी अर्ध्या वाक्यात उरकत होते. याची मला अजून टोचणी आहे.

अ‍ॅनर्ली पार्कचं 72 नंबरचं घर लाल विटांचं, साधं. 2022 मध्ये बसवलेली निळी पाटी भिंतीवर आहे. तिच्यावर भारतीय राष्ट्रवादी आणि खासदार एवढंच लिहिलं आहे. बाकीचे फोटो काढत होते. काकांनी पाटी सावकाश वाचली आणि म्हणाले, “व्यापारी लिहायचं राहिलं.” वेळापत्रकाचा तो कागद घडी करून माझ्या हातात दिला.

कागद माझ्या बॅजच्या पाकिटात आहे. सहा मिनिटांत दोन्ही गोष्टी मावत नाहीत, हे मी घड्याळ लावून पाहिलं. परवाच्या नाशिकच्या तुकडीला मी पाच मतांच्या आधी कापूस सांगायला घेतला. हुंडी विकली गेली, मुंबईला पोचली, आणि बस कोपऱ्यावर वळताना दिसली. सगळे चढले, मी डोकी मोजली. पहिल्या बाकावरच्या एक आजी वाकून म्हणाल्या, “अगं, मग वटवली कशातनं?”

मी माइक चालू केला.