नव्वद दिवसांचा हिशेब

गेल्या आठवड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. चौथीत माझ्या वर्गात होती, आता इथे गोव्यात हरमलला एका कॅफेत काम करते. "बाई, तुम्हालाच विचारू शकते," एवढं म्हणाली आणि रडायलाच लागली. तिला ज्याच्याशी लग्न करायचंय तो परदेशी आहे, टुरिस्ट व्हिसावर आलेला, आणि त्याची राहण्याची मुदत टळून तीन आठवडे झालेत. तिला कुणीतरी सांगितलंय, आधी लग्न उरका, मग सगळं आपोआप मिटतं.

मिटत नाही. तासभर बोलले तिच्याशी, तरी पुष्कळ सांगायचं राहिलं. म्हणून आज लिहायला बसलेय. आमच्या घरात हेच घडलंय.

माझा नवरा फ्रान्सचा, ब्रिटनीकडचा. सुतार आहे. २०१७ पासून दर हिवाळ्यात केरीच्या कड्यावर पॅराग्लायडिंगसाठी यायचा. आमची ओळख गावच्या जत्रेत झाली, दशावतारी नाटक बघताना. रात्रभर तो खांबाला टेकून उभा होता आणि पहाटे मला विचारत होता की संकासुराच्या तोंडाला काळं का असतं. तिसऱ्या हिवाळ्यात मी घरी सांगितलं. बाबा बराच वेळ गप्प बसले, मग एकच विचारलं, "हय रवतलो मा?" इथे राहणार ना, एवढंच त्यांना हवं होतं.

तो १२ ऑक्टोबर २०१९ ला दाबोळीच्या विमानतळावर उतरला. ई-व्हिसा एक वर्षाचा. कागदावर शेवटची तारीख पुढच्या ऑक्टोबरातली, ती आम्ही दोघांनी पाहिली आणि निर्धास्त झालो. त्याच कागदावर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की एका खेपेला सलग नव्वद दिवसांहून जास्त राहता येणार नाही. ती ओळ मी वाचली नव्हती. त्यानेही नाही. आधीच्या दोन्ही वर्षी तो दोन-अडीच महिन्यांत परत जायचा, त्यामुळे कधी प्रश्नच आला नव्हता.

लग्नाच्या तयारीत दिवस कसे गेले कळलं नाही. बाहेरच्यांना सांगायला हवं, आमच्या गोव्यात लग्नाची नोंदणी जुन्या पोर्तुगीज नागरी कायद्याप्रमाणे होते, मग तुम्ही हिंदू असा की ख्रिस्ती की आणखी कुणी. सब-रजिस्ट्रारकडे दोनदा सही करावी लागते. पहिली सही म्हणजे आम्ही लग्न करणार आहोत हे जाहीर करणं. मग नावं फलकावर लागतात, कुणाची हरकत आली नाही तर मुदतीनंतर साक्षीदारांसह दुसरी सही. दुसऱ्या सहीनंतरच कायद्याने नवराबायको. नवरा परदेशी असेल तर तो लग्नाला मोकळा आहे असा दाखला त्याच्या वकिलातीकडून लागतो. आमचा मुंबईच्या फ्रेंच वकिलातीतून यायचा होता, तो जानेवारी उजाडल्यावर मिळाला.

तोवर पौष लागला होता. आई म्हणाली, पौषात सहीसुद्धा नको. तिला समजावलं की पहिली सही म्हणजे लग्न नव्हे, साखरपुड्याच्याही अलीकडचं आहे. ती तयार झाली, पण दुसरी सही माघातच, ही तिची अट.

यात एक दिवस फार जड गेला. इथल्या कायद्यात वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते, आणि मुलीला वडिलांच्या इस्टेटीत भावाएवढाच वाटा असतो. म्हणजे उद्या आमचं कुळागर, माड-सुपारीची बाग, विकायचं झालं तर जावयाचीही सही लागणार. दादाने हे बोलायला चार दिवस घेतले. शेवटी गोठ्याच्या मागे मला गाठून, खाली बघत म्हणाला, "बाय, तुझ्यावर अविश्वास नाही गो." मला राग यायला हवा होता, पण त्याचा चेहरा बघून आला नाही. वेगळ्या मालमत्तेचा करार लग्नाच्या आधीच करावा लागतो, नंतर करता येत नाही. आम्ही तो केला. माझ्या नवऱ्याने एका शब्दाने विचारलं नाही, उलट दादाला म्हणाला की तुमच्या आजोबांनी लावलेल्या माडांवर माझा काय हक्क. त्या दिवसापासून दादा त्याचा झाला.

पहिली सही १३ जानेवारी २०२०, संक्रांतीच्या दोन दिवस आधी. दुसरी ३ फेब्रुवारीला. देवळात हार घातले, पन्नास माणसं जेवली.

त्यानंतर त्याचा व्हिसा बदलून घ्यायचा होता. भारतीय माणसाच्या परदेशी जोडीदाराला एंट्री व्हिसा मिळतो, एक्स-२ म्हणतात त्याला. टुरिस्ट व्हिसा सहसा बदलून मिळत नाही, पण मुदतीत असताना भारतीय व्यक्तीशी लग्न झालं तर इथल्या इथे बदलता येतो. ई-एफआरआरओवर, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या वेबसाइटवर, अर्ज भरला, कागद जोडले, पणजीला बोलावणं आलं. टेबलापलीकडच्या बाईंनी व्हिसाचा कागद आमच्याकडे फिरवला आणि त्या बारीक ओळीखाली पेन्सिल धरली. "आला कधी?" मी तारीख सांगितली. "मोजा," म्हणाल्या.

मी तिथे मोजलं नाही, हातपाय गार पडले होते. घरी येऊन स्वयंपाकघरातलं कालनिर्णय भिंतीवरून काढलं, जुन्या वर्षाचंही शोधलं, आणि दोन्ही जमिनीवर पसरून एकेका चौकोनावर बोट ठेवत गेले. ऑक्टोबरचे वीस. नोव्हेंबरचे तीस. डिसेंबरचे एकतीस. एक्याऐंशी. नव्वदावा दिवस ९ जानेवारीला पडत होता, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. त्या चौकोनात माझ्याच अक्षरात "गॅस" लिहिलं होतं, त्या दिवशी सिलिंडर लावला होता. म्हणजे पहिल्या सहीला आम्ही नवे कपडे घालून, कपाळाला कुंकू लावून उभे होतो तेव्हा त्याला इथे राहण्याचा हक्कच चार दिवसांपूर्वी संपला होता.

पुढचे आठ दिवस ज्याला कळलं त्याने सल्ला दिला. एका एजंटाने चाळीस हजारांत "आतून" काम करून देतो म्हणून सांगितलं. कुणी म्हणालं, नेपाळला जाऊन या. अहो, बाहेर पडतानाच तर पासपोर्ट बघतात! कुणी म्हणालं, गप्प बसा, किनाऱ्यावर असे कितीतरी आहेत. हे मला सगळ्यात जास्त लागलं. मी शाळेत मुलांना शिकवते, माझा नवरा माझ्या घरात लपून राहणार?

त्यानेच ठरवलं. म्हणाला, चूक आपली आहे, आपण जाऊन सांगू. परत पणजीला गेलो आणि सगळं जसं झालं तसं लिहून दिलं. उत्तर स्पष्ट मिळालं. मुदत उलटल्यावर लग्न झालं म्हणून इथे व्हिसा बदलता येणार नाही. दंड भरा, बाहेर जाण्याचा परवाना घ्या, आणि लग्नाच्या दाखल्यावर पॅरिसच्या भारतीय दूतावासातून एंट्री व्हिसा काढून या. तेव्हा नव्वद दिवसांपर्यंतच्या उशिराला तीनशे डॉलर, म्हणजे २१,६०० रुपये दंड होता. तो भरला. पावती आणि परवाना यांच्या प्रती काढून तीन ठिकाणी ठेवल्या, त्याचा पुढे फार उपयोग झाला.

जाण्याआधीच्या दिवसांत त्याने चवथीची माटोळी केली, म्हणजे गणपतीच्या वर फळं बांधून टांगतात ती चौकट. आमची जुनी बांबूची होती, कुजलेली. बाबांनी मागच्या पडवीत ठेवलेलं फणसाचं लाकूड त्याला दिलं. गणपतीच्या खोलीचं माप घेतलं, पट्ट्या तासल्या, एकाही खिळ्याशिवाय खाचेत खाच बसवून चौकट उभी केली. आई शेजारी बसून सांगायची, इथे सुपारीचे घोस येतात, इथे नारळांचा घड, तिथे भार जास्त. तो प्रत्येक जागी पेन्सिलीने खूण करायचा. त्याने चवथ कधी पाहिली नव्हती, दरवर्षी हिवाळ्यातच यायचा ना. ऑगस्टच्या आत परत येतो म्हणाला, स्वतः टांगतो.

४ मार्चला तो गेला. १३ मार्चपासून सरकारने व्हिसा स्थगित केले. १७ ला फ्रान्स बंद झाला, २५ ला आपला देश.

ते महिने मी लांबवून सांगत नाही. साडेतीन तासांचा फरक, माझी संध्याकाळ म्हणजे त्याची दुपार. २२ ऑगस्टला चवथ आली, दादाने माटोळी टांगली, मी फोन धरला. तो एकेक फळ ओळखत होता, तो आंबाडा, ते तोरिंजन. मग एकदम गप्प झाला, आणि आईने माझ्या हातातून फोन घेऊन त्याला मराठीत काहीतरी समजावलं. त्याला त्यातलं अर्धंही कळलं नसेल.

लोक मला तेव्हा म्हणायचे, आजही म्हणतात, "तुम्ही घाई केलीत. थांबला असता तर लॉकडाऊनमध्ये सगळ्यांचेच व्हिसा वाढले." वाढले, खरं आहे. पण ती सवलत १ फेब्रुवारी २०२० पासून पुढे मुदत संपणाऱ्यांना होती. आमची ९ जानेवारीलाच संपली होती. लपून राहिला असता तर तो त्या सवलतीत बसलाच नसता, आणि उशीर नव्वद दिवसांच्या पार गेला असता.

ऑक्टोबरच्या २२ तारखेला टुरिस्ट सोडून बाकीच्यांना देशात येण्याची परवानगी निघाली. पॅरिसच्या अर्जात आधीच्या वास्तव्याबद्दल विचारलं होतं, त्याने खरं लिहून दंडाची पावती आणि परवाना जोडला. व्हिसा मिळाला. डिसेंबरात मुंबईपर्यंत आला, तिथून बसने. आल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी करायची असते, ती आम्ही तिसऱ्याच दिवशी केली. मग पोलीस घरी चौकशीला आले, शेजारच्या काकूंना विचारलं हे खरंच एकत्र राहतात का. काकूंनी त्यांना चहा देऊन सांगितलं की आमचा मोडका पाटसुद्धा जावयानेच नीट केलाय.

नोंदणीनंतर लग्न सलग दोन वर्षं टिकलेलं असलं की ओसीआयसाठी, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात हवं तितकं राहू देणाऱ्या कार्डासाठी, अर्ज करता येतो. नवराबायको त्या काळात काही महिने दोन देशांत होते म्हणून लग्न तुटत नाही, हे मी मुद्दाम विचारून घेतलं होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये आम्ही अर्ज केला. कार्ड हातात आल्यापासून ते मोजणं सुटलं. मतदान नाही, शेतजमीन घेता येत नाही, पण राहता येतं. आमच्या गोव्यात हे कार्ड ओळखीचं आहे, पोर्तुगालचा पासपोर्ट घेतलेल्या कितीतरी घरांत ते असतं. जोडीदार म्हणून नागरिकत्व मागायचं तर सात वर्षं राहावं लागतं आणि फ्रान्सचा पासपोर्ट सोडावा लागेल. ते त्याचं त्याने ठरवावं, मी बोलत नाही.

आता नियम आणखी कडक झालेत. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा जुना कायदा जाऊन नवा आलाय, त्यात मुदतीबाहेर राहणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून त्या मुलीला मी सांगितलं, एकही दिवस आणखी घालवू नका. एजंटाला पैसे देऊ नका. लग्नाची तारीख धरण्याआधी जाऊन खरं सांगा, आणि तो ज्या खोलीत राहतो तिच्या मालकाने परदेशी पाहुण्याची माहिती कळवणारा फॉर्म, ज्याला आधी फॉर्म सी म्हणायचे, भरलाय का, तेही बघा.

आमची माटोळी २०२१ च्या चवथीला त्याने टांगली. आईने सांगितलेल्या पेन्सिलीच्या खुणा अजून आहेत, पुसू देत नाही ती.

ती दोघं सोमवारी पणजीला जाताहेत. मुलगी एकटीने बोलायला घाबरतेय, म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय.