किल्ला बघायला गेलो, खाडी बघून आलो

भाचीच्या साखरपुड्याला ठाण्याला गेलो होतो. साखरपुडा यथासांग पार पडला, जेवण उत्तम होतं, त्यावर लिहिण्यासारखं आणखी काही नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "दाजी, चला, किल्ला बघून येऊ." दाजी हसले. "जेल बघायचंय म्हणा की!"

पोर्तुगीजांनी 1730 च्या सुमारास बांधायला घेतलेला किल्ला म्हणजेच आजचं मध्यवर्ती कारागृह. बाहेरच्या माणसाला दिसते ती फक्त दगडी भिंत, तीही मागून रिक्षा कर्कश हॉर्न मारत असताना. मोबाइल काढणार तोच दाजींनी हात धरला. मग कळव्याच्या पुलावर गेलो.

ओहोटी लागली होती. तिवरांच्या मुळांत अडकलेल्या पिशव्या, चिखलात कलंडलेली एक होडी, आणि नाकाला रुमाल लावावा असा वास. मी मात्र हललो नाही, कारण या पाण्यावरून दोन राज्यं भांडली, आणि त्यातलं एक तर स्वतःशीच.

1661 च्या करारात पोर्तुगालने राजकन्या कॅथरीनबरोबर मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण दिलं. ठरवलं लिस्बनने, सोडायची वेळ आली गोव्याच्या व्हॉइसरॉयवर. हे अंतोनियु द मेलु द कास्त्रु साहेब अडून बसले. 1662 त इंग्रजांचं आरमार दारात आलं. यांनी कागदपत्रांत खुसपटं काढली. इंग्रज म्हणत, ठाणं आणि साष्टी, म्हणजे मुंबईच्या उत्तरेचं मोठं बेट, हीही आमचीच. शेवटी त्यांचे सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर उतरले आणि तिथेच रोगराईने पटापट मेले, सेनापती शिपमनसुद्धा. इकडे व्हॉइसरॉय राजाला कळवतोय, इंग्रज मुंबईत बसले की हिंदुस्थान हातचा गेलाच. फेब्रुवारी 1665 मध्ये नाइलाजाने बेट दिलं, पण ठाणं आणि साष्टी सोडली नाही. पुढे कल्याणकडून या खाडीने मुंबईला जाणाऱ्या होड्यांवर पोर्तुगीज ठाण्यात जकात घ्यायचे, आणि इंग्रज चरफडायचे.

दाजी बँकेतून निवृत्त झालेत. ऐकून म्हणाले, "हेड ऑफिसने परस्पर सही केली आणि शाखेला शेवटी कळवलं. मॅनेजर भडकणारच!"

मला त्या मॅनेजरची दया येत नाही. त्याचा अंदाज बरोबर होता, पण शाखाही त्याच्या बापाची नव्हती. इथल्या कोळ्या-आगऱ्यांना ना लिस्बनने विचारलं, ना गोव्याने.

"आणि जकातीचं काय घेऊन बसलात," दाजी म्हणाले. "आम्ही 2024 पर्यंत आनंदनगरला मुंबईत शिरायचा टोल भरत होतो."

1737 त मराठ्यांनी ठाणं घेतलं तेव्हा हा किल्ला पुरता बांधूनही झाला नव्हता, हे मी सांगितलं.

"वरून मंजुरी आली नसेल," दाजी म्हणाले, आणि रिक्षाला हात केला.