रतनगड ते हरिश्चंद्रगड, भर मे महिन्यात: पाण्याचा हिशेब आणि बाकीचं

तर मंडळी, उन्हाळी रेंज ट्रेकचा (एका रांगेतले गड जोडून केलेल्या भटकंतीचा) अपडेट. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो, पावसाळ्यात गडांवर जत्रा असते आणि थंडीत मला सुट्टी मिळत नाही म्हणून एप्रिल-मे मध्ये स्वतःचा टेंट घेऊन सह्याद्रीत फिरायचं खूळ घेतलंय, घरचे वेड्यात काढतातच पण आता ट्रेकवाले मित्र पण काढायला लागलेत. यावेळी रतनवाडी, रतनगड, कात्राबाई खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड आणि खिरेश्वरला उतार अशी पूर्ण लाइन मारली. मे चा शेवटचा आठवडा आणि अमावस्येच्या आसपासची तारीख, हे मुद्दाम, का ते पुढे येईल.

आधी वजन, कारण सॅक हलकी करायला काय काय घरी ठेवायचं यावरच मागे इतकी चर्चा झाली होती, काहींनी तर फ्लायशीट (टेंटवरचं पावसाचं कापड) पण ठेवा म्हणून सांगितलं. मागच्या मोसमात पाणी धरून सॅक चौदा किलोच्या आसपास जायची, यावेळी दहाच्या आत बसवली. स्लीपिंग बॅग घरी, फक्त सुती चादर शिवून केलेला लायनर. टेंटची आतली जाळी आणि फ्लायशीट घेतली, खालची जाड शीट काढून टाकली. आणि स्टोव्ह नाहीच! हा सगळ्यात मोठा बदल. मे मध्ये गवत असं वाळलेलं असतं की एका ठिणगीत अख्खा डोंगर पेटेल, शिवाय कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, जाळ करायचा प्रश्नच नाही. मग खायचं काय, तर सकाळी दडपे पोहे, कांदा-कैरी किसून लिंबू पिळून पंधरा मिनिटं दडपले की झालं, दुपारी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, चालता चालता सातूचं पीठ गुळाच्या पाण्यात कालवून. सातूचं पीठ आपल्या आज्यांनी खाल्लं आणि आपण मात्र एनर्जी बार विकत घेतो, असो. भांडी घासायला पाणी लागत नाही हा बोनस, उन्हाळ्यात तोच खरा फायदा.

आता पाणी. मी बाटलीवर मार्करने रेघा मारून नोंद ठेवली. पहाटे सावलीत चढताना तासाला साधारण तीनशे मिली पुरतं, तोच चढ दहानंतर उन्हात केला तर सातशेच्या वर जातं आणि तरी घसा कोरडाच. म्हणजे जास्त पाणी वाहून नेण्यापेक्षा लवकर उठणं स्वस्त पडतं. अकरा ते चार मी हललोच नाही कुठे, झाड नाहीतर देऊळ बघून आडवा. गडाच्या यादीवरून प्लॅन करायचा तो हिवाळ्यात, मे मध्ये आधी टाकी (गडावरची कातळात खोदलेली पाण्याची कुंडं) आणि गावं नकाशावर मांडायची आणि मग त्यांच्यामध्ये वाट बसवायची, हे आता माझं पक्कं मत झालंय.

रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ बघून पुढे निघालो (ते कोरीवकाम घाईत बघायचं नाही, तास काढाच). भंडारदऱ्याचं पाणी बरंच मागे सरलेलं, प्रवरेच्या पात्रात नुसते गोटे. रतनगडाची वाट जवळजवळ सगळी जंगलातून म्हणून उन्हाळ्यातही सुसह्य, शेवटी शिड्या. शिड्यांच्या नळ्या ऊन लागलं की हाताला चटके देतात, आठच्या आत चढून जा. नेढ्यात (कातळाच्या आरपार भोकात) बसलं की असा भन्नाट वारा लागतो की खाली उतरायचं जिवावर येतं. एक सूचना, अशा कड्यांना आग्यामोहोळं असू शकतात, परफ्यूम, सिगरेट, आरडाओरडा काही नको, मधमाश्या उठल्या की पळायला जागा नसते.

कात्राबाईची खिंड हा या रेंजचा माझा सगळ्यात आवडता टप्पा. मागे वळलं की रतनगड, लांबवर कळसूबाई आणि अलंग-मदन-कुलंग, पुढे मुळेचं खोरं आणि त्यापलीकडे हरिश्चंद्रगडाचा पसारा. पण कुमशेतकडचा उतार उघडा आहे, तिथे ट्रेकिंग पोल नसेल तर वाळलेल्या गवतावरून पाय सटकतो. वाटेत करवंदाच्या जाळ्या लगडलेल्या, हात चिकाने काळे होईपर्यंत खाल्ली.

कुमशेतमध्ये टेंट एका घराच्या अंगणातच लावला. मावशींनी विचारलं, "एवढं घर असताना त्या पिशवीत कशाला झोपतो रे?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नाचणीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा, पोटभर. पाण्याचं मात्र जपून बोला आणि जपून वापरा, मे मध्ये तिथल्या बायका हंडे घेऊन किती लांब जातात ते बघितलं की आपली बाटली भरून मागायची लाज वाटते. मी त्या घरच्या मामांबरोबर विहिरीवर जाऊन स्वतः शेंदून आणलं.

आणि रात्री काजवे. गावाबाहेर हिरडा-सादड्याची झाडं आहेत तिथे मामा घेऊन गेले. आधी दोन-चार इकडे तिकडे, मग डोळे सरावले तसं एका झाडावर खालच्या फांदीपासून लुकलुक सुरू झाली ती वर चढत शेंड्यापर्यंत, क्षणभर सगळं विझलं, आणि पुन्हा खालून. शेजारचं झाड वेगळ्याच तालात. हा सगळा नरांनी मादीला केलेला इशारा असतो, त्यामुळे टॉर्च, फ्लॅश, गाडीचे हेडलाइट मारले की त्यांचा खेळखंडोबा होतो. भंडारदऱ्याच्या बाजूला वीकेंडला नेमकं तेच चालतं, म्हणून मी आडगावात आणि अंधारी रात्र बघून गेलो. फोटो नाहीत, मागू नका.

मुळेचं पात्र ओलांडून पेठेची वाडी, मग पाचनई. पाचनईची वाट सोपी, कातळाच्या कपारीखालून जाते तिथे सावली मिळते, ताक आणि लिंबू सरबतवाले भेटतात. वर टाक्याचं पाणी फडक्यातून गाळून मग फिल्टरमधून. केदारेश्वराच्या लेण्यातलं पाणी भर मे मध्येसुद्धा पाय बधिर करतं, चार खांबांपैकी एकच उभा आहे तरी ते छत कसं तरलंय ते बघत बसलो.

कोकणकड्यावर मुक्काम करायचा बेत होता पण दुपारपासूनच पूर्वेला ढग चढत होते, वळवाची लक्षणं स्पष्ट. कड्याच्या मोकळ्या कातळावर विजेत सापडायची हौस नाही, सूर्यास्त बघितला आणि मंदिराच्या बाजूला सखल जागी टेंट लावला. पेगा (टेंटच्या खुंट्या) कातळात जात नाहीत, दोऱ्या दगडांना बांधल्या. साडेआठला जो काही पाऊस कोसळला, वीस-पंचवीस मिनिटंच, पण फ्लायशीट घरी ठेवायचा सल्ला ज्यांनी दिला होता त्यांना नमस्कार. (ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्य, बघितलं ते याच कड्यावरून, पण त्याला खाली धुकं लागतं, ते पावसाळ्याच्या आसपासचं प्रकरण.)

तारामती शिखर, 1429 मीटर, यावेळी सोडून दिलं. पहाटे चारला हेडटॉर्चवर निघून टेकड्यांची ती चढ-उताराची वाट उन्हाआधी संपवली, टोलार खिंडीत व्याघ्रशिल्पापाशी उजाडलं होतं, खिरेश्वरला नागेश्वराच्या देवळात उरलेली दशमी, मग खुबी फाट्यावरून गाडी.

पुढचा बेत अलंग-मदन-कुलंग हे तीन गड, एप्रिलमध्ये, पार्टनर दोरीचं बघतोय. कुलंगवर टाकी भरपूर आहेत हे माहितीय, पण मदनच्या टाक्यात एप्रिल अखेरीस पाणी टिकतं का? यंदा कुणी जाऊन आलं असेल तर सांगा, त्यावर मुक्काम कुठे टाकायचा ते ठरेल.